वर ओढलेली शिडी

माझा नवरा खड्ड्यात काम करतो, मी मनोऱ्यावर, आणि आम्हा दोघांवर हुकूम सोडायला मधे जमिनीवर माझी नणंद बसलेली असते. लग्न ठरलं तेव्हा आईने एवढंच विचारलं होतं की नणंद घरात असते का. मी खरं तेच सांगितलं, घरात नसते. ऑफिसात असते, हे सांगायचं राहून गेलं.

आमचं केंद्र वस्तीबाहेरच्या उतारावर आहे. झाडांच्या शेंड्यापासून खाली कुजलेल्या खडकापर्यंत जेवढा पट्टा येतो, तेवढ्याचाच आम्ही अभ्यास करतो. पृथ्वी अवाढव्य असेल, पण जगणं म्हणून जे काही आहे ते या पट्ट्यात. फार वर गेलं की हवा विरळ, फार खाली गेलं की नुसता दगड. मधला हा थर कुणाला आयता मिळालेला नाही. खडक फुटतो, त्यात पाणी मुरतं, मुळं फटी शोधत घुसतात, गांडुळं आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव पालापाचोळा खातात, पचवतात आणि श्वास सोडतात. एवढ्या सगळ्यांचा श्वास मातीतून बाहेर पडतो. तो मोजायचं काम माझ्या नवऱ्याचं. त्यातला कार्बन डायऑक्साइड वर झाडाची पानं किती ओढून घेतात ते मोजायचं काम माझं. म्हणजे आमचा संसार याच पट्ट्यात, खालच्या टोकाला तो आणि वरच्या टोकाला मी.

घरात त्याला लहानपणापासून गांडूळ म्हणतात. चालायला लागला तेव्हापासून मातीत तोंड घालून बसायचा म्हणे. हे नाव ठेवलं ताईने, म्हणजे माझ्या नणंदेने, आणि केंद्राची प्रमुख झाल्यावरही ती त्याला चारचौघांत याच नावाने हाक मारते. माझ्याबद्दल ती म्हणते, उंटावरून शेळ्या हाकायला आमची भावजय पटाईत आहे. मी म्हणते, ताई, उंट तुम्हीच दिलाय. आमचं असं चालतं. प्रेम नव्हतं असं नाही, पण ते दोघींनी एकमेकींना कधी दाखवलं नव्हतं.

खड्डा म्हणजे जमिनीत उभी उतरवलेली सिमेंटच्या कड्यांची नळी. दोन मजले खोल, आणि रुंदी एवढीच की दोन माणसं दाटीवाटीने उभी राहतील. कड्यांना भोकं पाडून प्रत्येक थरातल्या मातीत बारीक नळ्या खुपसल्या आहेत. खाली उतरायचं, नळीला सिरिंज लावायची, मातीच्या पोटातली हवा ओढायची आणि बाटलीत भरायची. उतरायला ॲल्युमिनियमची शिडी. वर पत्र्याची शेड, खड्ड्याच्या तोंडावर लोखंडी झाकण आणि एक तीन पायांची घोडी. घोडीला हाताने फिरवायचा रहाट, रहाटाला तार, तारेला हूक. खाली जाणाऱ्याने अंगावर पट्टे बांधायचे आणि पाठीवरच्या कडीत हा हूक अडकवून घ्यायचा, म्हणजे काही झालं तर वरून ओढता येतं. हे सगळे नियम शेडच्या भिंतीवर ताईच्याच अक्षरात लावलेत. पंखा चालू ठेवायचा. हूक काढायचा नाही. कमरेला लावलेल्या, हवा तपासणाऱ्या यंत्राने शिट्टी मारली की लगेच वर यायचं. खालचा माणूस बोलेनासा झाला तर त्याच्या मागोमाग कुणीही उतरायचं नाही.

त्या दिवशी यातला शेवटचा नियम तेवढा पाळला गेला.

कितीतरी महिने आम्ही जमिनीचा एक तुकडा छपराखाली कोरडा ठेवला होता. आदल्या दिवशी त्याला भरपूर पाणी पाजलं. तहानलेली माती पाणी मिळताच खडबडून जागी होते, आतले झोपलेले जीव एकदम खायला उठतात आणि भराभरा श्वास सोडायला लागतात. तो श्वास किती वाढतो हेच पाहायचं होतं. पंखा लावला तर बाहेरची हवा नळ्यांत शिरून मोजमाप बिघडतं, म्हणून पंखा आदल्या संध्याकाळीच काढून कोठारात ठेवलेला. झाकणही जवळजवळ लावलेलं. तारेचा हूक नळ्यांना लागतो, म्हणून तळाशी गेल्यावर तो काढून ठेवायची नवऱ्याची जुनी सवय. आणि कमरेच्या यंत्राची शिट्टी तर त्याने केव्हाच बंद केली होती. खड्ड्यातली हवा जरा जड झाली की ते यंत्र कोकलायचं, आणि आमचा सगळा प्रयोगच ती हवा जड होण्यासाठी चाललेला. बाकीच्या जगासाठी तो धोका होता. आमच्यासाठी तो निकाल होता.

त्यातून हवेचा दाब सकाळपासून उतरत होता. वरचा दाब कमी झाला की जमिनीतली हवा बाहेर येते, आणि बाहेर येऊन पहिल्या खोलगट जागेत साचते, कारण ती आपल्या हवेपेक्षा जड असते. हे आम्हा तिघांनाही पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. शहाण्याने असा शहाणपणा करावा याचा मला आजही संताप येतो, आणि त्या शहाण्यांत मीही होते.

मी मनोऱ्याच्या सगळ्यात वरच्या फळीवर होते. एका फांदीचं पान यंत्राच्या चिमट्यात धरून बसले होते आणि खांद्यावरच्या वॉकीटॉकीवर त्या दोघांचं बोलणं ऐकत होते. तो खालून एकेका नळीचा आकडा सांगत होता, ताई ऑफिसातल्या पडद्यासमोर बसून लिहून घेत होती. मातीत कायमची पुरलेली यंत्रं आहेत, त्यांचे आकडे तिच्या पडद्यावर थेट दिसतात. तो खड्ड्यात हातातल्या यंत्राने वेगळं मोजतो, मग दोन्ही ताडून बघायचे.

आकडे चढत होते. ताईच्या आवाजात मी इतका आनंद कधी ऐकला नव्हता. गांडुळा, या वेळी आपण जिंकलो, असं काहीतरी ती म्हणाली. तोही हसला. जरा जास्तच वेळ हसला. मला वाटलं, बहीणभाऊ खुशीत आहेत, चांगलंय, आज संध्याकाळी घरी भांडण नाही.

मग त्याने चौथ्या नळीचा आकडा सांगितला. थोड्या वेळाने पुन्हा चौथ्या नळीचाच सांगितला. ताई म्हणाली, हे झालंय, पुढची घे. तो म्हणाला, घेतोय. आणि पुन्हा चौथी.

मी चिमटा सोडला.

‘मातीच्या आत सव्वासात टक्के दाखवतंय,’ ताई म्हणाली. ‘तुझ्याकडे किती?’

‘सव्वासात.’

‘नळीचं नाही विचारत. तू उभा आहेस त्या हवेचं सांग.’

‘सव्वासात,’ तो म्हणाला. ‘सांगतोय ना. सव्वासात.’

ताईला काय कळलं ते मलाही त्याच क्षणी कळलं. खड्ड्यातली हवा आणि मातीच्या पोटातली हवा यांत काही फरक उरला नव्हता. माझा नवरा मातीचा श्वास घेत होता, आणि माती आपला श्वास माणसाने घ्यावा म्हणून सोडत नाही.

‘वर ये,’ ताई म्हणाली. ‘बाटल्या टाक. आत्ता वर ये.’

त्यानंतर तो जे बोलला ते तिच्याशी नव्हतं. ‘खारू,’ तो म्हणाला, ‘खारू, आज लवकर घरी जाऊ.’ झाडांवर चढते म्हणून तो मला खार म्हणतो, पण फक्त घरात, दार लावल्यावर. सगळ्यांना ऐकू जाईल अशा जागी हे नाव घेणारा तो माणूस नव्हे. मी बटण दाबून त्याचं नाव घेत राहिले, त्याचं खरं नाव, आणि उत्तर म्हणून नुसती खरखर येत राहिली.

मनोरा उतरताना दोन हूक आळीपाळीने अडकवत यावं लागतं. मी एकही अडकवला नाही. कशी उतरले ते आठवत नाही, एवढं आठवतं की अर्ध्यावर पाय सटकला आणि मी एका हातावर लोंबकळले, आणि तेव्हा मनात एकच विचार आला, की मी पडले तर त्याला काढायला एक माणूस कमी. खाली पाय टेकल्यावर मी पळत सुटले.

शेडचं दार सताड उघडं होतं. बाहेर गवतावर शिडी आडवी पडली होती.

मी क्षणभर नुसती शिडीकडे बघत राहिले. ती खड्ड्यात असायला हवी होती. आत माझा नवरा होता आणि शिडी बाहेर होती. ताई खड्ड्याच्या काठाशी गुडघ्यांवर बसलेली, चेहरा पांढराफटक. मी वाकून खाली पाहिलं. तो तळाशी बसलेला दिसला, भिंतीला खांदा टेकून, मान पुढे पडलेली. हात मांडीवर उताणा, रिकामा.

‘शिडी कुणी काढली,’ मी विचारलं, तरी उत्तर मला दिसत होतंच.

‘मी.’

मी वळून शिडी उचलायला गेले. ताई माझ्याआधी पोचली आणि शिडीवर चक्क बसली. केंद्राची प्रमुख, पन्नाशीची बाई, रस्त्यात फतकल मारावी तशी. मी तिला ओढलं. ती हलली नाही. मी तिच्या थोबाडीत मारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आवाज चढवून बोलले नव्हते तिच्याशी, आणि मी तिला मारलं. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा तिने मनगट धरलं.

‘मार नंतर,’ ती म्हणाली. ‘तू उतरलीस तर तिसऱ्या पायरीवर पडशील. त्याच्या अंगावर. मग मला दोघांना काढावं लागेल, आणि माझ्याच्याने एकही निघणार नाही. आकडी आण.’

मला तेव्हा तिचा इतका द्वेष वाटला की तो शब्दांत सांगता येणार नाही. भाऊ मरतोय आणि ही हिशेब करतेय. पण तिने ‘आकडी’ म्हटलं आणि माझे पाय आपोआप वळले. उंच फांद्या खाली ओढून पानं तोडायला माझ्याकडे लांबच लांब सरकती काठी आहे, एकात एक बसणाऱ्या नळ्यांची. ती मनोऱ्याच्या पायथ्याशीच होती. मी ती घेऊन परत आले तोवर केंद्राचे ड्रायव्हरकाका कोठारातून पंख्याचं धूड आणि त्याची पिवळी कापडी नळी ओढत पोचले होते. त्यांनी रुग्णवाहिकेला फोन केला होता, यायला वेळ लागेल असं तिकडून सांगितलं होतं. नळीला एका जागी भलंमोठं भोक पडलं होतं. काकांनी अंगातलं जाकीट काढून त्यावर गुंडाळलं, वरून चिकटपट्टीचे वेढे दिले, आणि नळीचं तोंड खड्ड्यात सोडलं. पंखा घरघरला. नळी फुगली, अर्ध्या वाटेवर एका कडीच्या कपारीत अडकली, आणि हवा खाली जायच्या ऐवजी आमच्याच तोंडावर यायला लागली. काकांनी ती हिसडून हिसडून सोडवली.

खाली त्याचे केस हलले. बाकी काही हललं नाही.

रहाटाची तार खड्ड्यात तशीच लोंबत होती, तिचा हूक त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर. काखेत कळसा म्हणतात तो हाच. तो पाठीला लावलेला असता तर पाच मिनिटांत वर आला असता. ताईने तार वर ओढून घेतली आणि हूक माझ्या काठीच्या टोकाला चिकटपट्टीने बांधला. मी पालथी पडले, डोकं आणि खांदे खड्ड्यावर, आणि काठी खाली सरकवायला लागले. पट्ट्यांची कडी त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध असते. मान पुढे पडली होती म्हणून ती वरून दिसत होती, अंगठीएवढी. हुकाला खटका असतो, कडीवर नीट दाबला की टक् करून बसतो. मी काठी दाबली. हूक घसरून त्याच्या मानेला लागला. तो हललाही नाही.

माझ्या कानशिलांत घण बसायला लागले. श्वास घेत होते पण छाती भरत नव्हती. काठी दोन दिसायला लागली. तेवढ्यात कुणीतरी मला घोट्यांना धरून फरफटत मागे ओढलं. ताई होती.

‘बाहेर जा. श्वास घे. मग ये.’

मी दारात जाऊन दोनचार श्वास घेतले आणि परत पालथी पडले. या वेळी तिने आधीच माझे घोटे धरून ठेवले. हूक कडीच्या शेजारी गेला. मग कडीला लागला आणि उलटा फिरला. मी रडत होते, पण हात थरथरत नव्हता, कारण पानाचा देठ न मोडता पान तोडायची मला सवय आहे. पुन्हा घण. पुन्हा ताईने मागे ओढलं. मी ओरडले की आत्ताच बसणार होता, सोडा मला. तिने सोडलं नाही. उचलून उभं केलं आणि दाराकडे ढकललं. माझ्याहून ती डोकंभर ठेंगणी आहे.

‘तू पडलीस तर काठी कोण धरणार,’ एवढंच म्हणाली.

तिसऱ्यांदा मी एक श्वास कोंडून घेतला आणि तो सोडायचाच नाही असं ठरवून वाकले. पंख्याच्या वाऱ्याने त्याचा सदरा पाठीवर फडफडत होता आणि कडी मधूनच झाकली जात होती. मी थांबले. सदरा खाली बसला. मी दाबलं.

टक् आवाज मला ऐकू आला नाही, हातात जाणवला.

रहाट फिरवायला काका आणि ताई लागले. तार ताणली, काठीची चिकटपट्टी फाटली आणि तो बसल्या जागेवरून हळूहळू उभा राहिला, कुणी दोरीने उठवलेल्या पोत्यासारखा. त्याचे पाय जमिनीवरून सुटले. वर येताना खांदा दोनदा कड्यांना आपटला आणि मी काठीने त्याला मधोमध ठेवत राहिले. ओठ निळे होते. तोंडावर चिखल होता. आम्ही तिघांनी त्याला ओढत शेडच्या बाहेर गवतावर आणलं आणि ताईने त्याची हनुवटी वर करून त्याच्या तोंडात श्वास भरायला सुरुवात केली. मी छातीला कान लावला. काळीज चालू होतं. ताईने किती वेळ श्वास भरला ते मी मोजलं नाही. मी फक्त म्हणत होते, घे ना रे, घे. मग तो एकदा उचकी लागल्यासारखा आचकला, आणि दुसऱ्यांदा, आणि मग घोरल्यासारखा मोठ्ठा श्वास त्याने आपला आपण घेतला. जीव भांड्यात पडला म्हणावं, तर रुग्णवाहिका यायची होती, आणि तो डोळे उघडत नव्हता.

रुग्णवाहिकेत एकाच माणसाला बसू देतात. ताई मागे सरली आणि मी चढले. तिच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. रस्ताभर मी मनात एकच ठरवत होते, की हा जगो की न जगो, या बाईचं तोंड पुन्हा बघायचं नाही. तिने जे केलं ते बरोबर होतं हे मला कळत होतं. म्हणून तर जास्त राग येत होता. बरोबर वागायला काळीज लागत नाही, डोकं पुरतं, असं वाटत होतं.

दवाखान्यात त्याला आत नेलं आणि मला बाहेर लाकडी बाकावर बसवलं. ताई काकांच्या गाडीतून आली आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिच्या गालावर माझी बोटं उमटली होती. शेवटी डॉक्टर आले. म्हणाले की तो शुद्धीवर आलाय, हातपाय हलवतोय, नाव सांगतोय. रात्रभर लक्ष ठेवावं लागेल. मधल्या वेळचं त्याला कदाचित आठवणार नाही, किंवा भलतंच आठवेल, त्यावर वाद घालू नका. आणि एकेकानेच आत जा.

मी उठले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मी ताईला म्हटलं, तुम्ही आधी जा, तुमचा भाऊ आहे.

तिने मान हलवली. ‘मी नाही येत आत. आज नाही.’

मला वाटलं, मी मारलं म्हणून रागावली. मी म्हटलं, ताई, चुकलं माझं, पण तुम्ही मला अडवायला शिडी काढलीत आणि तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

‘तुला अडवायला?’ ती म्हणाली. ‘तू मनोऱ्यावर होतीस. तू माझ्या डोक्यातही नव्हतीस.’

मी पुन्हा बाकावर बसले.

मग ती बोलली, भिंतीकडे बघूनच. ऑफिसातून पळत आली तेव्हा काका कोठाराकडे गेलेले, शेडमध्ये ती एकटी. भाऊ शिडीच्या पायथ्याशी उभा होता, पायरीला धरून, पण पाय उचलता येत नव्हता त्याला. ती शिडीवर पाय टाकून उतरायला लागली. दोन पायऱ्या उतरल्यावर डोकं गरगरलं, म्हणून परत वर आली. परत उतरली. पुन्हा वर. भिंतीवर तिनेच लिहिलेला नियम तिच्या डोळ्यांसमोर होता आणि ती तरीही उतरत होती.

‘तिसऱ्यांदा मी उतरलेच असते,’ ती म्हणाली. ‘मला माहीत होतं. शिडी तिथे असेपर्यंत मी उतरणार होते. म्हणून ओढली. माझ्यापासून लपवायला.’ ती पुढे म्हणाली, ‘तो माझ्याकडे बघत होता गं. खालच्या पायरीवर हात होता त्याचा. मी त्याच्या हातातून ओढून घेतली.’

एवढा वेळ ज्या बाईला काळीज नाही म्हणून शिव्या देत होते, ती स्वतःच्या काळजाला घाबरून शिडी ओढत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. पण नर्सने हाक मारली आणि मी आत गेले.

तो नाकावर मुखवटा लावून पडला होता. मानेवर हुकाचा ओरखडा. मला पाहून त्याने डोळे मिटले आणि उघडले. मी त्याचा हात धरला, गार होता, पण त्याने बोटं आवळली. मी रडून घेतलं. मग त्याने मुखवटा बाजूला केला.

‘ताई?’

‘बाहेर आहे. तुला तोंड दाखवायला लाजतेय,’ मी म्हटलं. ‘शिडी ओढली म्हणून.’

त्याने नजर छताकडे वळवली. मला वाटलं, त्याला काही आठवत नाही, मी उगाच बोलले.

‘तिच्याच्याने कुठली ओढवतेय,’ तो म्हणाला. आवाज घोगरा, शब्द सावकाश. ‘आम्ही दोघं मिळून उचलतो ती शिडी. ती खाली यायला लागली होती. पाय दिसला तिचा. मग मी ढकलली वर. जेवढी ढकलवली तेवढी.’

नर्सने मुखवटा परत बसवला आणि मला बास म्हणून खूण केली. मी त्याला आणखी काही विचारलं नाही. भलतंच आठवेल असं डॉक्टर म्हणाले होते. हे भलतं असेलही. खड्ड्यात त्या क्षणी काय झालं ते बघायला तिसरं कुणी नव्हतं, आणि त्या हवेत माणसाला काय दिसतं ते आम्हालाच सगळ्यांत जास्त माहीत.

मी बाहेर आले. ताई तशीच बसली होती, हात मांडीत, भिंतीकडे तोंड. मी तिच्या दंडाला धरून तिला उठवलं. ती येईना. मी सोडलं नाही.

‘चला आत,’ मी म्हटलं. ‘तो म्हणतोय, शिडी तुम्ही एकटीने नाही ओढली.’